विळ्यावरचा तांबूस थर आणि घेवड्याची पिवळी पानं

बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीरोगांवर मारायचा तांब्याचा फवारा, नीट जमलं की नाही, हे पाहायची एक जुनी खूण आहे. मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) पाणी आणि कळीच्या चुन्याची निवळी एकत्र केली की त्यात चकचकीत घासलेला विळा किंवा लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवून ठेवायचा. बाहेर काढल्यावर पातं होतं तसंच दिसलं तर फवारायला हरकत नाही. पात्यावर तांबूस थर चढला असेल तर चुना कमी पडला, मोकळं तांबं शिल्लक आहे. आणखी निवळी ओतायची. सामू (आंबट-अल्कपणाचं माप, पीएच) मोजायच्या कागदी पट्ट्या दुकानात मिळू लागल्या तरी हा विळा अजून निवृत्त झालेला नाही.

त्या थरात घडतं काय? पाण्यातलं तांबं लोखंडावर येऊन बसतं आणि तेवढ्याच हिशेबाने लोह पात्यातून सुटून पाण्यात जातं. तांब्याने लोहाला जागेवरून उठवलेलं असतं.

घेवड्याच्या रोपाला तांबं जास्त झालं की दिसायला असंच काहीतरी होतं. तांबं आत येतं, लोह मागे सरतं आणि शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात. उपमा मात्र इथवरच ताणायची. मुळात लोखंडाचं पातं नसतं, आणि तिथली उठवाउठवी एका समीकरणात मावत नाही. ती कशी होते, हेच या लेखात पाहायचं आहे. आधीच सांगून टाकतो: घेवड्याला होणारी तांब्याची विषबाधा ही बऱ्याच अंशी लोहाची उपासमार असते. लोह पोटभर मिळालेल्या रोपाला तेवढंच तांबं कमी बाधतं.

घेवडा म्हणजे इथे फेसिओलस व्हल्गॅरिस. आपल्याकडे घेवडा हे नाव वालापासून डबल बीपर्यंत कुणालाही चिकटतं, म्हणून हा खुलासा. कोवळ्या शेंगा भाजीला आणल्या की तो श्रावणघेवडा किंवा फरसबी, दाणे वाळवले की राजमा, आणि दाण्यावर वाघासारखे पट्टे असले की साताऱ्याकडचा, कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पीक मूळचं अमेरिका खंडातलं, मेक्सिको आणि अँडीज पर्वताच्या भागातलं. वनस्पतिशास्त्रज्ञांचा त्याच्यावर फार जीव, कारण बी लवकर रुजतं, पहिली जोडपानं चांगली रुंद निघतात आणि मातीशिवाय, नुसत्या अन्नद्रव्यांच्या पाण्यातही रोप बिनतक्रार वाढतं. पाण्यात वाढवायचं म्हटलं की तांबं किती आणि लोह किती द्यायचं हे आपल्या हातात राहतं.

आता दोन्ही धातूंची गरज पाहू. तांबं रोपाला नकोच असतं असं नाही. प्रकाशसंश्लेषणात इलेक्ट्रॉनची ने-आण करणारं प्लास्टोसायनिन हे प्रथिन तांब्यावर चालतं. पेशीच्या श्वसनातलं शेवटचं विकर (एन्झाइम) तांब्यावाचून अडतं. फक्त लागतं ते चिमूटभर: वाळवलेल्या पानांच्या एका किलोत ५ ते २० मिलिग्रॅम. त्याच पानांत २०-३० मिलिग्रॅमच्या वर तांबं गेलं की बहुतेक पिकं कुरकुरायला लागतात. म्हणजे पुरेसं आणि अति यांच्यात फार मोठी दरी नाही.

लोहाची भूक मोठी. किलोभर वाळक्या पानांत १०० मिलिग्रॅमच्या आसपास, कधी त्याच्या दुप्पटही. त्यातलं सुमारे ८० टक्के हरितलवकांत, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या पेशीतल्या हिरव्या कणांत, असतं. यात एक गंमत आहे. हरितद्रव्याच्या रेणूत लोहाचा अणूच नाही; त्याच्या मध्यभागी बसलेलं असतं मॅग्नेशियम. तरी लोह कमी पडलं की पानाचा हिरवा रंग जातो, कारण तो रेणू घडवणाऱ्या विकरांच्या साखळीत एका पायरीवर लोह लागतंच. पोळीत तवा नसतो, पण तव्याशिवाय पोळी होत नाही, तसं.

धरण उशाला

दख्खनचा काळा खडक लोहाने भरलेला आहे. त्याच्या वजनात लोहाची ऑक्साइडं दहा टक्क्यांच्या आसपास भरतात. त्या खडकाची माती झाली तरी लोह कुठे जात नाही. मग आपल्या चुनखडीच्या जमिनीत ऊस, भुईमूग, हरभरा, आलं पिवळं का पडतं? शेतकरी म्हणतो केवडा पडला. (द्राक्षावर डाऊनी हा बुरशीरोग आला तरी केवडाच, म्हणून केवडा म्हटलं की कुठला, हे विचारून घ्यावं लागतं.)

धरण उशाला आणि कोरड घशाला, असा हा प्रकार आहे. जमिनीतलं बहुतेक लोह फेरिक रूपात, म्हणजे गंजाच्या भाईबंदांच्या रूपात असतं, आणि ते पाण्यात विरघळत नाही. जमिनीचा सामू एकाने वाढला की विरघळणारं फेरिक लोह हजार पटीने घटतं. सामू ६ च्या जमिनीत आणि ८ च्या जमिनीत किती फरक पडत असेल, त्याचा गुणाकार करून पाहा. म्हणून माती परीक्षणात एकूण लोह मोजतच नाहीत. एका खास द्रावणात निघून येईल तेवढंच मोजतात, आणि किलोमागे ४.५ मिलिग्रॅमच्या खाली आलं तर जमिनीला लोहाची कमतरता आहे असं धरतात.

या कोंडीतून वाट काढायच्या वनस्पतींच्या दोन तऱ्हा आहेत. गवताच्या कुळातली पिकं, ज्वारी, गहू, मका वगैरे, मुळातून एक पदार्थ बाहेर सोडतात. तो मातीत जाऊन लोहाला कवेत घेतो आणि तसाच सगळाच्या सगळा परत मुळात शिरतो. घेवडा, वाटाणा, टोमॅटो यांची तऱ्हा निराळी. त्यांची मुळं आधी आम्ल सोडून आपल्याभोवतीची माती आंबवतात, म्हणजे थोडं लोह सुटतं. मग मुळाच्या पेशीच्या आवरणात बसलेलं एक विकर फेरिक लोहाला एक इलेक्ट्रॉन देऊन फेरस करतं. आणि या फेरस लोहालाच एक वाहक प्रथिन आत घेतं. या दोन तऱ्हांची रीतसर विभागणी १९८६ साली जर्मनीत मार्शनर आणि र्‍योमहेल्ड यांनी मांडली. घेवड्याच्या तऱ्हेतलं वाहक प्रथिन १९९६ साली मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या रोपात सापडलं.

थोडक्यात, घेवड्याच्या उंबऱ्यावर चप्पल काढल्याशिवाय लोहाला आत प्रवेश नाही, आणि ती चप्पल काढून घेणारं विकर म्हणजे आपल्या गोष्टीतलं नाक्यावरचं ठिकाण.

उंबऱ्यावरची गर्दी

तांबंही मातीच्या पाण्यात दोन विद्युतभारांचं असतं आणि आत जायचं तर त्यालाही एक इलेक्ट्रॉन घेऊन एक भाराचं व्हावं लागतं. त्याचं वाहक प्रथिन वेगळं आहे, पण इलेक्ट्रॉन देणाऱ्या विकरांचं घराणं एकच. तिथे तांब्याची गर्दी झाली तर लोहाचा नंबर मागे जातो. यात कुणी लबाडी करत नाही. ज्या विकराने आयुष्यभर लोहाची वाट पाहिली त्याच्यापुढे दर वेळी तांबंच येऊन उभं राहतं, इतकंच.

दुसरं नुकसान जास्त ढोबळ आहे आणि डोळ्यांनी दिसतं. जास्तीचं तांबं पानापर्यंत फारसं पोहोचत नाही, बहुतांश मुळातच अडकून राहतं. मुळाची टोकं जाड होतात, तपकिरी पडतात, उपमुळं फुटत नाहीत, पांढरी मुळी थांबते. आणि लोह उचलायचं काम होतं ते नेमकं या कोवळ्या पांढऱ्या मुळीवर. म्हणजे तांबं दारात गर्दी करतं ते वेगळंच, वर दारंच कमी करून टाकतं.

आता पान पाहू. तांबं जास्त दिलेल्या घेवड्याची पानं फिकट होतात आणि भर उन्हात त्यांचं प्रकाशसंश्लेषण लवकर कोसळतं. याचं सोपं उत्तर बरीच वर्षं हाताशी होतं: तांबं हरितलवकात घुसतं आणि तिथली यंत्रणा जाळतं. पटण्यासारखंही होतं, कारण मोकळं तांबं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की पेशीची चाळण करणारे रेणू तयार होतात, हे रसायनशास्त्रात पक्कं माहीत आहे. परीक्षानळीत सुट्या हरितलवकांवर तांबं ओतलं की ती बिघडतातही.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातल्या मंडळींनी हे उत्तर तपासायला घेतलं आणि २००२ साली आपला निकाल छापला. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात एकेक संशयित बोलावून, त्याची झडती घेऊन, सोडून दिलेला आहे.

त्यांनी घेवड्याची रोपं तीन प्रकारच्या पाण्यात वाढवली. एकात तांबं नेहमीचं, ०.३ मायक्रोमोलर. दुसऱ्यात ४, तिसऱ्यात १५. आकडे अगदी किरकोळ वाटतात ना? १५ मायक्रोमोलर म्हणजे एका लिटरात जेमतेम १ मिलिग्रॅम तांबं. एक टक्का बोर्डोच्या लिटरभर पाण्यात त्याच्या अडीच हजार पट तांबं असतं. (बोर्डोतलं तांबं चुन्याने बांधलेलं असतं, ती गोष्ट वेगळी. विळ्याची परीक्षा घेतो ती त्यासाठीच.)

मग पानांवर प्रखर प्रकाश टाकून नुकसान मोजलं. इथे एक अडचण येते. उन्हात पानातली प्रकाश पकडणारी यंत्रणा, जिला दुसरी प्रकाशप्रणाली म्हणतात, ती रोज मोडते आणि रोज दुरुस्तही होते. दोन्ही कामं एकाच वेळी चालू असतात. गळक्या हंड्यात वरून पाणी ओतत राहिलात तर गळती किती ते कसं कळणार? ओतणं थांबवावं लागतं. त्यासाठी त्यांनी लिंकोमायसिन हे प्रतिजैविक वापरलं. त्याने हरितलवकातली प्रथिनं बनवणं, म्हणजेच दुरुस्ती, बंद पडते आणि नुसती मोडतोड मोजता येते. जास्त तांब्यात वाढलेल्या रोपांच्या पानांत मोडतोड खरोखरच जलद होत होती.

आता झडती. पहिला संशय: हरितलवकात तांबं साचलं असेल. मोजलं, तर उलटंच निघालं. तांबं दिलेल्या रोपांत हरितलवकांतलं तांब्याचं प्रमाण पानाच्या एकूण प्रमाणापेक्षा कमी होतं. दुसरा संशय: हरितलवकाच्या आतल्या पडद्यांची, जिथे ही प्रकाशप्रणाली बसते, घडणच नाजूक झाली असेल. त्या रोपांच्या पानांतले पडदे वेगळे काढून त्यांच्यावर प्रकाश टाकला, तर ते काही विशेष लवकर मोडले नाहीत. तिसरा संशय: ऑक्सिडीकरणाचा तडाखा बसून रोपाची संरक्षणव्यवस्था कोलमडली असेल. तसंही काही फार घडलेलं नव्हतं. मग पानात मोडतोड, सुट्या पडद्यांत नाही, हे कसं?

उत्तर सावलीत होतं. हिरव्यागार पानात वरच्या थरातली हरितलवकं बराचसा प्रकाश पिऊन टाकतात आणि खालच्यांना आपोआप सावली मिळते. फिकट पानात हरितद्रव्यच कमी, म्हणून प्रकाश सरळ आरपार जातो आणि आतल्या प्रत्येक यंत्राला पूर्ण ऊन लागतं. बाजारातल्या मांडवाचं कापड विरलं की खालच्या सगळ्याच टोपल्यांतली भाजी कोमेजते, तसंच. मोडतोडीचा वेग प्रकाशाच्या प्रमाणात सरळ वाढत जातो. कमाई मात्र मध्यम उजेडातच कळसाला पोहोचते आणि तिथेच थांबते. जास्तीच्या उन्हाचा खर्च होतो, जमा काही होत नाही. आणि पडदे पानातून बाहेर काढले की मांडवाचा प्रश्नच उरत नाही, म्हणून सुट्या पडद्यांत फरक दिसला नाही.

राहिला प्रश्न पान फिकट का झालं याचा. त्यांनी जास्तीच्या तांब्याबरोबर जास्तीचं लोहही दिलं. हरितद्रव्य टिकलं, आणि उन्हाने होणारी जादा मोडतोडही टळली. तांबं पाण्यात तेवढंच होतं. शिवाय पानं तपासली तेव्हा लोह दिलेल्या रोपांच्या पानांत तांबंही कमी सापडलं. दारातली ढकलाढकली दोन्हीकडून चालते, याचा हा चांगला पुरावा.

मी विषबाधेला उपासमार म्हणतो ते यामुळे. तांब्याने पानात जाऊन काही जाळलं नव्हतं. लोहाला अडवून ठेवलं, लोह नाही म्हणून हरितद्रव्य नाही, हरितद्रव्य नाही म्हणून सावली नाही, आणि शेवटचा घाव घातला उन्हाने. अर्थात "बऱ्याच अंशी" हे शब्द मी वर मुद्दाम घातले आहेत. तांबं भरमसाट झालं तर मुळाचा चोथा होतो, आणि तिथे लोह देऊन काही निभत नाही.

उलटा फास

इथवर तांब्यामुळे लोह कमी कसं पडतं ते पाहिलं. लोह आधीच कमी असेल तर काय होतं, हा भाग जास्त अवघड जागेचं दुखणं आहे.

लोह मिळेना झालं की घेवडा स्वस्थ बसत नाही. आम्ल जास्त सोडतो, इलेक्ट्रॉन देणारं विकर कितीतरी पटीने वाढवतो, वाहक प्रथिनं वाढवतो. भुकेला माणूस घराची सगळी दारं उघडून बसतो तसा. पण ते विकर तांब्यालाही इलेक्ट्रॉन देतं. वाटाण्यावर १९९० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत दिसलं की लोहाच्या कमतरतेने मुळांची तांब्याला इलेक्ट्रॉन द्यायची क्षमताही वाढते. वाहक प्रथिनं वाढल्याने मँगेनीज, जस्त, अगदी कॅडमियमसुद्धा जास्त आत येतं. म्हणजे ज्या जमिनीत तांबं मुबलक आणि लोह दुर्मीळ, तिथलं रोप लोहासाठी जितका जोर लावेल तितकं तांबं ओढून घेईल, आणि तांब्याने मुळी थांबली की लोह आणखी कमी होईल.

यात रोपाचा थोडासा शहाणपणाही आहे, तो सांगायलाच हवा. पेशीतले घातक ऑक्सिजन-रेणू निकामी करणारं एक विकर आहे. त्याचा एक अवतार लोहावर चालतो, दुसरा तांबं आणि जस्तावर. तांबं पुरेसं असलं की रोप दुसरा अवतार वापरतं, आणि लोह कमी पडल्यावर तर त्याला हेच सोयीचं जातं: तांब्यावर भागवायचं आणि वाचलेलं लोह हरितद्रव्याच्या कामाला लावायचं. म्हणून लोह कमी असताना थोडं जास्त तांबं उचलणं हा सगळाच बिघाड नाही, त्यात काटकसरही आहे. फक्त मातीत तांबं बेसुमार असेल तर ही काटकसर अंगाशी येते.

तांबं येतं कुठून

बहुतेक ठिकाणी फवाऱ्यातून. १८८२ साली फ्रान्सच्या मेदोक भागात मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं की रस्त्याकडेच्या वेलींवर रोग कमी आहे. द्राक्षं चोरून खाणाऱ्यांना किळस यावी म्हणून मळेवाल्यांनी त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळसर पाणी शिंपडलं होतं. १८८५ मध्ये त्याने मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून जगभरच्या मळ्यांवर तांब्याचा पाऊस पडतो आहे.

तांबं कुजत नाही, उडून जात नाही, पाण्याबरोबर खोलही फारसं उतरत नाही. वरच्या वीतभर मातीत सेंद्रिय पदार्थांना घट्ट धरून बसतं. हिशेब करून पाहू. एक टक्का बोर्डोत १०० लिटरला १ किलो मोरचूद, म्हणजे पाव किलो तांबं. हेक्टरला १,००० लिटर फवारलं तर अडीच किलो. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन धरा २० लाख किलो. सगळं तांबं मातीत गेलं तर एका फवाऱ्यात किलोमागे सव्वा मिलिग्रॅमची भर. एका वर्षाचं काहीच नाही. चाळीस वर्षांचं मात्र आजोबांनी नातवाच्या नावावर टाकलेल्या ठेवीसारखं आहे, फक्त ही ठेव मोडता येत नाही. युरोपच्या जमिनींची पाहणी झाली तेव्हा सरासरी तांबं किलोमागे १७ मिलिग्रॅमच्या आसपास निघालं आणि द्राक्षमळ्यांत ४९ च्या. आता युरोपीय संघाने ७ वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे.

आपल्याकडे नाशिक-सांगलीचे द्राक्षमळे आहेत, आणि कोकण-गोव्यातल्या पोफळीच्या बागा, जिथे कोळेरोगासाठी पावसाळ्याच्या तोंडावर बोर्डो मारणं हा रिवाज आहे. या दोन जागांची तुलना मला बोलकी वाटते. चुनखडीच्या काळ्या जमिनीत सामू चढा, त्यामुळे तांबं बांधलेलं राहतं आणि त्याची धार कमी होते. सामू एकाने वाढला की मोकळं तांबं शंभर पटीने घटतं. पण लोह हजार पटीने! म्हणून तिथे तांब्यापेक्षा लोहाचीच काळजी जास्त. जांभ्या दगडाच्या आंबट मातीत लोहाला तोटा नाही, पण तांबंही मोकळं फिरतं. त्यामुळे एकाच आकड्याचं तांबं दोन्हीकडे सारखं वागेल असं समजणं चूक आहे. तुर्कूचे आकडेही पाण्यातल्या रोपांचे आहेत. मातीत बरंचसं तांबं सेंद्रिय पदार्थांच्या मिठीत असतं, त्यामुळे ते आकडे उचलून शेतात लावता येत नाहीत. घेता येते ती कारणमीमांसा.

माती परीक्षणाच्या अहवालाबद्दल एक तक्रार नोंदवतो. त्यात तांब्याचा निकष किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आहे, पण तो कमतरतेचा. ०.३ आलं तरी पुरेसं आणि ३० आलं तरी पुरेसंच. जुनी द्राक्षबाग मोडून त्या जागी घेवडा किंवा दुसरं कडधान्य करायचं असेल तर शेरा न वाचता आकडा वाचावा, आणि तो लोहाच्या आकड्याशेजारी ठेवून वाचावा.

उपायांत पहिला उपाय म्हणजे तांबं आणखी न वाढवणं, हे उघडच आहे. दुसरा शेणखत, कंपोस्ट: सेंद्रिय पदार्थ तांब्याला धरून ठेवतात आणि लोहाला विरघळतं ठेवायला मदत करतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी काम. हिराकस (फेरस सल्फेट) नुसता चुनखडीच्या जमिनीत टाकला की काही दिवसांत त्याचा गंज होतो. शेणखतात मुरवून दिला तर थोडा काळ टिकतो. पानावर अर्धा टक्का हिराकसाची फवारणी केली की हिरवेपणा लवकर दिसतो, आणि तेवढ्यावर बरेच जण समाधान मानतात. पण तांब्याशी झटापट मुळाच्या दारात चालली आहे. पानावर मारलेल्या लोहाने ती थांबत नाही.

चिलेटेड लोह, म्हणजे एखाद्या सेंद्रिय रेणूने धरून विरघळतं ठेवलेलं लोह, घेताना त्या रेणूचं नाव वाचून घ्यावं. ईडीटीए हा तसा एकनिष्ठ नाही. सामू ७ च्या आसपास आणि पुढे तो लोहाला सोडतो आणि कॅल्शियम, जस्त, तांबं यांचा हात धरतो. तांब्याने भरलेल्या जमिनीत तर तो बसलेलं तांबं उठवून पाण्यात आणू शकतो, म्हणजे करायला गेलो एक आणि झालं भलतंच. लालभडक पाणी होणारं ईडीडीएचए महाग असतं, पण चढ्या सामूतही लोहाला सोडत नाही.

आणि केवडा पडलेल्या घेवड्याच्या प्लॉटमध्ये उभं राहून करायच्या दोन तपासण्या. एक: शेंड्याजवळचं, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असलेलं पान निवडा. त्याच्या अर्ध्या भागावर कापसाच्या बोळ्याने पातळ हिराकसाचं पाणी लावा, उरलेला अर्धा कोरडा ठेवा. आठवड्याभरात लावलेला अर्धा हिरवा झाला तर लोह कमी आहे हे नक्की. ते चुनखडीमुळे की तांब्यामुळे, हे मात्र पान सांगत नाही.

म्हणून दुसरी. चार-पाच रोपं खुरप्याने मातीसकट उचला, हिसका देऊन उपटू नका. मुळं बादलीत धुऊन पांढऱ्या कागदावर पसरा. नुसता चुनखडीचा त्रास असेल तर पांढरी मुळी चालू दिसते, कधी टोकाजवळ जरा जाड आणि केसाळ, कारण ती लोहासाठी धडपडत असते. तांब्याचा मार असेल तर मुळं आखूड, तपकिरी, खुंटलेली, फाटे जवळजवळ नाहीत. मुळांवर नत्राच्या गाठी असतील तर नखाने एक फोडून पाहा. आतला गुलाबी रंगही लोहाचाच असतो, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला. गाठी मोजक्याच, आणि आत पांढरट किंवा हिरवट, असं दिसलं आणि शेत पूर्वी द्राक्षाचं होतं, तर मातीचा नमुना तांब्यासाठी पाठवताना वरची १५ सेंटिमीटर माती वेगळी आणि खालची वेगळी भरा.